तळमजल्यावरचं दार

आधीच सांगून ठेवतो, हा लेख दारावर आहे. प्रेमावर, पावसावर, पहिल्या वर्षाच्या आठवणींवर आणि मेसच्या डाळीवर लिहिणारे या अंकात पुष्कळ आहेत. त्यांना आमच्या शुभेच्छा! मी मात्र मागची सुट्टी एका दाराबरोबर काढली. खरं म्हणजे दोन दारांबरोबर. त्यामुळे दुसरं काही सुचतच नाही.

विषयाची सुरुवात रेव्हिटपासून करावी लागेल. सिव्हिलवाल्यांना हे सॉफ्टवेअर ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी: ऑटोकॅडमध्ये आपण रेषा काढतो, रेव्हिटमध्ये भिंत बांधतो. ऑटोकॅडला त्या चार रेषा म्हणजे दार आहे हे माहीत नसतं. रेव्हिटला माहीत असतं. भिंत सरकवली की दार तिच्याबरोबर जातं, प्लॅनमध्ये बदललं की एलेव्हेशनमध्ये आपोआप बदलतं आणि तक्त्यातला आकडाही बदलतो. मेकॅनिकलचे मित्र इथे लगेच कॉलर ताठ करतात, कारण १९९७ मध्ये ज्या दोघांनी ही कंपनी काढली ते आधी प्रो-इंजिनिअर बनवणाऱ्या कंपनीत होते. म्हणजे कल्पना मूळची तुमच्याकडची, मान्य! पहिली आवृत्ती २००० साली आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्कने सगळंच विकत घेतलं. इतिहास संपला.

आता दार. रेव्हिटमध्ये दाराला 'फॅमिली' म्हणतात. नाव अगदी योग्य आहे. चौकट, झडप, बिजागऱ्या, हँडल, कडी, खालची पत्र्याची पट्टी, वरचा क्लोजर असा सगळा गोतावळा एका फाईलमध्ये नांदत असतो. आणि कोणत्याही कुटुंबासारखंच, कोणी केव्हा लोकांसमोर यायचं आणि कोणी आतल्या खोलीत बसायचं याचे नियम ठरलेले असतात. त्या नियमांवरच मी दोन महिने घालवले.

झालं असं की, आमच्या हॉस्टेलच्या तळमजल्यावर एक खोली आणि तिच्याजवळचं संडास-बाथरूम व्हीलचेअरवरून वापरता येईल असं करायचं ठरलं. सेकंड इयर मेकॅनिकलचा एक मुलगा आहे. त्याचं पहिलं वर्ष गावातल्या भाड्याच्या खोलीत गेलं, कारण हॉस्टेलच्या संडासात त्याची खुर्ची शिरत नव्हती. (त्याचं नाव लिहीत नाही. त्याचीच अट आहे.) आमच्या सरांनी इस्टेट विभागाला सांगितलं की मॉडेल आमची मुलं करतील. 'मुलं' म्हणजे मी आणि माझा पार्टनर. पार्टनर इंटर्नशिपला गेला. म्हणजे मी.

पहिल्या दिवशी मी टेप घेऊन मोजायला गेलो. जुन्या संडासाच्या दारासाठी भिंतीत सोडलेली जागा ७५० मिलिमीटर. चौकटीचे दोन्ही बाजूंचे साठ-साठ गेले, उरले ६३०. दार काटकोनात उघडून उभं राहिलं की त्याची तीस मिलिमीटर जाडी पुन्हा वाटेतच येते. हातात राहिले साधारण सहाशे. त्याची खुर्ची कडेपासून कडेपर्यंत ६४०, त्यात चाकाची कडी धरून ढकलणाऱ्या बोटांची जागा धरलेली नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत अशा दाराला किमान ९०० मिलिमीटर मोकळी वाट सांगितली आहे. मोकळी वाट म्हणजे दार उघडल्यावर खरोखर उरते ती. कागदावर लिहिलेली दाराची रुंदी नव्हे. हा फरक परीक्षेत विचारत नाहीत. विचारला पाहिजे.

रेव्हिटच्या दार-फॅमिलीतली 'विड्थ' ही चौकटीच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत असते. म्हणजे तिथे ९०० टाकून समाधानाने चहाला जाणारा माणूस तीस-पस्तीस मिलिमीटरने फसतो. म्हणून मी माझ्या दारात एक जास्तीचा घटक घातला: मोकळ्या वाटेचा लाल चौकोन. झडपेची जाडी वजा करून जेवढं उरतं तेवढाच तो रुंद होतो. त्याच्या आतल्या बाजूला १५०० मिलिमीटर व्यासाचा एक गोल काढला. खुर्ची जागच्या जागी वळवायला एवढी जागा लागते. चौकोन आणि गोल दोन्ही दाराच्या फाईलमध्येच, म्हणजे दार जिथे नेऊ तिथे ते मागे येणार.

आता खरा प्रश्न. हा चौकोन आणि हा गोल दाखवायचा कोणाला?

सुताराला गोलाचं काम नाही, त्याला चौकटीची मापं हवीत. इस्टेट विभागाला गोल दाखवलाच पाहिजे, नाहीतर ते आतलं वॉशबेसिन बरोब्बर गोलाच्या मध्यात बसवतील. (बसवलं होतं. पहिल्या आराखड्यात.) नोटीस बोर्डावर लावायच्या नकाशात काय दाखवायचं तो वेगळाच विषय, त्यावर पुढे येतो. एकच दार, पण तीन माणसांना तीन तऱ्हेने दिसायला हवं, आणि तीन वेगवेगळ्या फाईली करायच्या नाहीत. तसं केलं की दोन फाईलींत दुरुस्ती होते आणि तिसरीत राहते, हे सबमिशनच्या आदल्या रात्री जागलेल्या कोणालाही सांगायला नको.

रेव्हिटमध्ये एखादी वस्तू दाखवण्या-लपवण्याची तीन-चार ठिकाणं आहेत आणि नवीन माणूस इथेच वेडा होतो. हॉस्टेलच्या विजेवरून समजावतो. तुमच्या खोलीतला दिवा लागायचा तर खोलीतलं बटण चालू हवं, मजल्यावरचं एमसीबी चालू हवं आणि रेक्टर सरांच्या ऑफिसाबाहेरचा मेन स्विचही चालू हवा. तिन्ही सीरीजमध्ये. एक बंद असला तरी अंधार! आणि कुठला बंद आहे हे शोधायला तिन्ही ठिकाणी जावं लागतं.

खोलीतलं बटण म्हणजे त्या घटकाचा 'व्हिजिबल' हा टिक. फॅमिलीत तो घटक निवडला की गुणधर्मांच्या यादीत दिसतो. शेजारी एक बारीकसं करडं बटण असतं, त्यावरून तो टिक एखाद्या 'यस-नो' पॅरामीटरला जोडता येतो. मी 'पत्र्याची पट्टी आहे का', 'आतला दांडा आहे का' अशी पॅरामीटर केली. ही टाइपला लावायची की इन्स्टन्सला हे आधी ठरवावं. टाइपला लावली तर एका टिकने त्या जातीची सगळी दारं बदलतात, इन्स्टन्सला लावली तर हातातलं एकच दार बदलतं. सूत्रही लिहिता येतं. सरकतं दार घ्यावं की उघडतं यावर आमचा आठवडाभर खल चालला होता. तेव्हा मी एकाच फाईलमध्ये दोन्ही झडपा ठेवल्या आणि दुसरीला सूत्र दिलं: पहिली नसेल तर ही. एक टिक काढला की दार बिजागरीवरून थेट रुळावर! रेक्टर सरांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतः चार वेळा करून पाहिलं. (शेवटी उघडतं दारच ठरलं. रुळात हॉस्टेलच्या साबणाचं काय होईल यावर सर्वांचं एकमत झालं.)

मजल्यावरचं एमसीबी म्हणजे 'व्हिजिबिलिटी सेटिंग्ज'. हा घटक प्लॅनमध्ये दिसावा का, समोरून दिसावा का, बाजूने दिसावा का आणि कोर्स, मीडियम, फाइन यांपैकी कुठल्या बारकाव्यात दिसावा, हे इथे ठरतं. बिजागऱ्या फक्त फाइनला ठेवा, नाहीतर पूर्ण इमारतीच्या प्लॅनमध्ये प्रत्येक दाराशी काळा ठिपका पडतो आणि लॅबमधलं मशीन हुंदके द्यायला लागतं. झडप प्लॅनमध्ये बंद करायची, कारण मॉडेलमधली झडप मिटलेली असते आणि प्लॅनमध्ये आपल्याला उघडी दाखवायची असते. ती उघडी झडप आणि तिचा कमानीसारखा वळसा 'सिम्बॉलिक' रेषांनी वेगळा काढतात. या रेषा ज्या दृश्यात काढल्या त्याला समांतर दृश्यातच दिसतात. माझा गोल अशाच रेषांचा आहे, म्हणून थ्रीडीमध्ये तो हवेत तरंगताना दिसत नाही.

आणि मेन स्विच म्हणजे प्रकल्पाच्या फाईलमधला 'व्हिजिबिलिटी ग्राफिक्स'चा तक्ता. कीबोर्डवर व्ही दोनदा दाबला की उघडतो. तिथे 'डोअर्स'च्या पोटात झडप, चौकट, काच, प्लॅनमधला वळसा अशा उपजाती असतात. त्यात आपली स्वतःची उपजात घालता येते. मी 'मोकळी जागा' नावाची घातली, चक्क मराठीत, आणि गोल व चौकोन तिच्यात टाकले. आता प्रत्येक दृश्यासाठी एक टिक: तपासणीच्या प्लॅनमध्ये चालू, सुताराच्या प्लॅनमध्ये बंद. दाराची फाईल एकच.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. फॅमिलीच्या खिडकीत टिक काढला तरी वस्तू जात नाही, फिकट होऊन तिथेच बसते. ती खरी गायब होते प्रकल्पात लोड केल्यावर. माझा एक ज्युनिअर यापायी अर्धा दिवस 'सॉफ्टवेअर करप्ट आहे' म्हणत बसला होता. त्याने रीइन्स्टॉलही केलं. असो.

हे सगळं नीट झालं आणि बैठकीचा दिवस आला. प्रोजेक्टरवर स्वच्छ, सुंदर प्लॅन. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "भिंत फोडायची काय गरज आहे? आहे तेच दार ठेवू, आत दोन दांडे बसवू. खर्च वाचेल." दोन-तीन माना हलल्या. प्लॅनकडे पाहून मलाही त्यांचं म्हणणं चुकीचं वाटलं नसतं. स्वच्छ प्लॅनमध्ये ७५० चं दार आणि हजाराचं दार यांत डोळ्याला फरकच पडत नाही हो! मी काही बोललो नाही. व्ही-व्ही दाबलं, 'मोकळी जागा' चालू केली आणि जुन्या दारासमोर खुर्चीचा आकार आणून ठेवला. लाल चौकोन खुर्चीपेक्षा अरुंद. दोन्ही बाजूंनी चाकं चौकटीत घुसलेली. आणखी एक गोष्ट त्यात उघडी पडली: दार आत उघडणारं होतं आणि त्याचा वळसा गोलाच्या बरोब्बर मधून जात होता. म्हणजे आत गेल्यावर दार लावताच येणार नाही. इस्टेटच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये दाराचे वळसेच काढलेले नव्हते, त्यामुळे दार कुठे उघडतं हा प्रश्न इतकी वर्षं कोणाला पडलाच नव्हता.

सर हळूच म्हणाले, "आणि कोणी आत पडलं तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. माणूसच आड येतो." खोलीत क्षणभर शांतता. मग भिंत फोडायचं मंजूर झालं. रांगेतल्या शेवटच्या दोन संडासांचा एक करायचा, भिंतीत १०६० ची जागा, चौकटीच्या आत ९४०, झडप जाऊन ९०५. दार बाहेर उघडणार आणि शेवटच्या भिंतीला जाऊन टेकणार, म्हणजे सकाळच्या बादल्यांच्या रांगेला आडवं येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलो. ज्याच्यासाठी चाललं होतं त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं, हे सरांच्या लक्षात आलं म्हणून. त्याने सगळं नीट पाहिलं. मेकॅनिकलचा आहे, ड्रॉइंग माझ्यापेक्षा चांगलं वाचतो. म्हणाला, "वरची कडी काढ, माझा हात पोचत नाही. आणि दार बाहेर उघडतं ना? मग मी आत आल्यावर ते ओढून कसं घेऊ? आतून आडवा दांडा दे, पूर्ण रुंदीचा." दांडा दिला. मग म्हणाला, "क्लोजर नको. स्प्रिंगच्या दाराशी कुस्ती करत खुर्ची मागे घ्यायची म्हणजे हात तिसरा लागतो." क्लोजर बंद केला. टिक काढला, गेला.

नंतर तो बराच वेळ गप्प होता. "हा नकाशा बोर्डावर लागणार का?"

लागणार होता. काम चालू असताना कुठला संडास बंद आहे हे पोरांना कळावं म्हणून.

"मग तो गोल झाकता येईल?"

मी म्हटलं येईल, पण का? तो म्हणाला, "अरे, सगळ्या मजल्याच्या प्लॅनमध्ये एकाच खोलीत लाल गोल. जो येईल तो विचारणार हे काय. मला नुसतं दार पाहिजे. बाकीच्यांसारखं."

मला जरा विचित्र वाटलं, कारण आदल्याच दिवशी त्या गोलाने भिंत पाडली होती. माझ्या मते तर तो सगळ्यांनी पाहायला हवा होता, पोरांनी तर नक्कीच. कुणीतरी उद्या तिथे सायकल लावली तर? आमचा थोडा वाद झाला. तो म्हणाला, "सायकल लावली तर मी सांगेन काढायला. तोंड आहे मला." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोर्डावरच्या दृश्यात 'मोकळी जागा' बंद. खोलीचा नंबर आणि साधं दार, बस्स. सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की मालकाने लपवायला सांगितलं आहे. सर म्हणाले, "मग विषय संपला."

विषय संपला नव्हता. यादी स्टोअरमध्ये गेली आणि तिथल्या मॅडमनी मला बोलावून घेतलं. या मॅडम खिळ्याचाही हिशेब ठेवतात, आणि आम्ही त्यांना घाबरून असतो. त्यांनी यादी आणि ड्रॉइंग दोन्ही टेबलावर ठेवलं होतं. "बाळा, यादीत डोअर क्लोजर दोन नग आहेत. चित्रात मला एकपण दिसत नाही. मागवू की नको?"

ही मात्र गंमत आहे, नीट वाचा. खोलीचं आणि संडासाचं अशा दोन्ही दारांची फॅमिली एका उत्पादकाच्या तयार फाईलवरून उचललेली होती. तिच्यात क्लोजर ही वेगळी, 'शेअर्ड' केलेली छोटी फॅमिली म्हणून आत बसवलेली होती. अशी आतली फॅमिली तक्त्यात स्वतंत्र मोजली जाते, आणि तिचा 'व्हिजिबल' काढला तरी मोजली जाते! दिसणं वेगळं आणि असणं वेगळं. चित्रातून गेलेला क्लोजर यादीत जिवंत होता. मॅडमनी विचारलं नसतं तर दोन क्लोजर आले असते, आणि आलेली वस्तू सुतार बसवणारच. यादीत आहे म्हणजे बसवायचीच, हा त्यांचा धर्म आहे.

काहीजण अशा वेळी तक्त्यालाच गाळणी लावतात. मी दाराच्या फाईलची प्रत काढली, तिच्यातून क्लोजर मुळासकट डिलीट केला आणि तीच प्रत दोन्ही जागी घातली. मग यादी पुन्हा काढून एकेक ओळ ड्रॉइंगशी ताडून पाहिली: बिजागऱ्या, आतला दांडा, पत्र्याची पट्टी, मधल्या उंचीची कडी. मॅडमनी सही केली आणि विचारलं, "कॉम्प्युटरला एवढं कळत नाही होय रे?" मी म्हटलं, "मॅडम, त्याला जेवढं सांगितलं तेवढंच कळतं." त्या म्हणाल्या, "मग आमच्या शिपायासारखाच."

सुतारकाकांनी चौकट बसवली त्या दिवशी मी तिथे होतो. त्यांनी माझं ड्रॉइंग घडी करून खिशात ठेवलं आणि मोजपट्टी काढली. "तुम्ही लिवलंय ते ठीक, पण भिंत काय म्हणते ते बघू." भिंत वरून सहा मिलिमीटर आत झुकलेली निघाली. काकांनी चौकटीमागे पाचरी ठोकून ती ओळंब्यात आणली. ती पाचर माझ्या कुठल्याच दृश्यात नाही, कोर्समध्ये नाही आणि फाइनमध्येही नाही.

तो आता खोलीत राहायला आला आहे. पहिल्या आठवड्यात दारासमोर खरोखरच एक सायकल लागली होती. तिचा मालक कोण ते मला कळलं नाही, पण खणखणीत आवाजातली हाक दुसऱ्या मजल्यावर आमच्यापर्यंत आली. त्यानंतर तिथे सायकल दिसली नाही.

दाराची फाईल कॅड लॅबमध्ये सात नंबर सोडून सगळ्या मशीनवर, डी ड्राइव्हमध्ये 'दार' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. क्लोजर असलेली आणि नसलेली अशा दोन्ही प्रती ठेवल्या आहेत, नावं वाचून घ्या. मोकळ्या जागेचा टिक फाईल उघडल्यावर चालू असतो, बंद करायचा तर कोणासाठी करताय ते सरांना विचारा. सात नंबरवर रेव्हिट उघडू नका. ते फक्त टायपिंगसाठी आहे, आणि हा लेख त्याच्यावरच टाइप केला आहे.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी